वजनाचा रकाना

पप्पांची कंपनी बंद पडली तेव्हा मी आठवीत होते. बंद पडली म्हणजे एका दिवसात नाही. आधी ओव्हरटाइम गेला, मग आठवड्यातले दोन दिवस गेले, आणि एका सकाळी पप्पा डबा घेऊन निघाले ते तासाभरात तसाच भरलेला डबा घेऊन परत आले. दुपारी आम्ही तिघांनी तो डबा वाटून खाल्ला.

कासारवाडीत रेल्वेच्या रुळांजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. गॅस संपला की आई शेजारणीकडे जायची आणि म्हणायची, "तुमचा कुकर झाला का? त्याच्यामागं माझा लावते." असं महिन्यातून आठ-दहा दिवस चालायचं. पप्पांनी मिळेल ते केलं. कुठे वॉचमन, कुठे टेम्पोवर हमाली. मग एक दिवस आईच निघोज्याजवळच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला लागली.

सकाळी सहाला नाशिक फाट्यावरून बस. आठ तास उभं राहायचं. गाड्यांचे सुटे भाग तेलकट कागदात गुंडाळायचे, खोक्यात मांडायचे, पट्टी आवळायची, वर स्लिप लावायची. ती खोकी परदेशात जायची. आमच्या आईनं बीडकडचं गाव आणि पुणं सोडून काही पाहिलेलं नव्हतं, पण जेवताना सहज सांगायची, "आज जर्मनीचा माल होता. उद्या ब्राझीलचा हाय." गंज लागू नये म्हणून त्या भागांना जे तेल लावतात, त्याचा वास तिच्या हातांना कायम असायचा. भाकरीलाही थोडा यायचा. आजही कुठल्या वर्कशॉपवरून जाताना तो वास आला की मला भूक लागते. कोणाला सांगितलं तर हसतात.

खोक्यांना आवळून उरलेल्या निळ्या प्लास्टिक पट्ट्यांच्या ती पिशव्या विणायची. कंपनी त्या पट्ट्या फेकूनच द्यायची, तरी आई सुपरवायझरची सही घेऊन, गेटपास करूनच त्या घरी आणायची.

"कचऱ्याला कसला गेटपास गं?" मी विचारायचे.

"गेटवर कचरा न् सोनं दोन्ही सारखंच. कागद असला की झडतीला मान खाली जात न्हाई."

मी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकले आणि इंजिनिअर झाले. आईकडच्या आणि पप्पांकडच्या, दोन्ही बाजूंच्या नात्यात मी पहिली पदवीधर. हे मी सगळ्यांना सांगते. विचारलं नाही तरी सांगते.

शेवटच्या वर्षाला मला एक काम यायला लागलं. एखादी वस्तू सुट्या भागांत घरी येते, तेव्हा ती कशी जोडायची याची चित्रं सोबत असतात ना, कुठला स्क्रू कुठे, ती चित्रं मी कॉम्प्युटरवर काढायचे. ऑनलाइन ओळखीतून नेदरलँड्समधल्या एका माणसाचं काम मिळालं. तो सायकलला मागून जोडायच्या लहान गाड्या बनवायचा. बेचाळीस चित्रं हवी होती. त्याच सुमारास चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून जागा पण मिळत होती. पगार आईपेक्षा थोडासाच जास्त.

आईचे पाय तेव्हा संध्याकाळी इतके सुजायचे की चप्पल काढल्यावर पट्ट्यांचे वळ तासभर जायचे नाहीत. मी सांगून टाकलं, "ट्रेनी होत नाही. माझं पहिलं पेमेंट आलं की तू काम सोडायचं."

पप्पा म्हणाले, "कोण कुठला गोरा, त्यानं पैसे द्यायचे आणि हिनं घ्यायचे! दिवाळीपर्यंत आले तर ठीक. नाही तर गुपचूप चाकणला लागायचं."

आईनं फक्त विचारलं, "बेचाळीस नग व्हय?"

चित्रं वेळेत गेली. त्या माणसाला आवडली. आणि तिथून खरी कसरत सुरू झाली. तो नेहमी ज्या ॲपवरून पैसे द्यायचा, ते माझ्याकडे चालेना. मग त्यानं बँकेचा परदेशी व्यवहाराचा कोड मागितला. माझं खातं पिंपळे गुरवच्या शाखेत. त्या शाखेला तसा कोडच नव्हता. मुख्य शाखेचा घ्या म्हणाले, त्यासाठी तीन चकरा झाल्या. शेवटी त्यानं पैसे पाठवले, तशी पावतीही पाठवली. आठ दिवस काहीच नाही. मग बँकेच्या मुख्य शाखेतून फोन आला, "मॅडम, बाहेरून पैसे आलेत तुमचे. कशाचे आहेत ते येऊन लिहून द्या."

माझ्या वर्गातला एक मित्र असल्या बाबतीत मोठा हुशार समजला जायचा. तो म्हणाला, "अगं, काम-बिम लिहू नकोस. टॅक्स, जीएसटी, दहा भानगडी निघतील. मदत म्हणून आले लिही. मदतीला कोण विचारतंय?"

मी फॉर्मवर लिहिलं, मदत.

परदेशी व्यवहार बघणारे साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे गृहस्थ कोण लागतात तुमचे?"

"ओळखीचे."

"ओळख कुठली?"

एक परदेशी पुरुष, मी बावीस वर्षांची मुलगी, आणि मदत. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला दिसत होतं. ते शांतपणे म्हणाले, "कागद नाहीत तोवर पैसे होल्डवर राहतील. जास्त दिवस झाले तर परत जातील."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. पप्पा नुसतं "बघ, म्हणालो होतो" असं पुटपुटले. पैसे अडकले म्हणून आई चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली, पण दुसऱ्याच गोष्टीवर.

"काय लिवलंस? मदत?"

"अगं, माझा मित्र म्हणाला की..."

"त्याचं ऱ्हाऊ दे. बेचाळीस चित्रं तू काढलीस का न्हाई? मग मदत कसली? मी आठ घंटे उभी ऱ्हाते, ती काय कंपनी मला मदत करायली का?"

एवढी डिग्री घेतली, गावभर सांगत फिरले, आणि स्वतःच्या कामाला स्वतःच्या हातानं मदत लिहून आले.

आईनं पाय पसरले, गुडघ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "होल्डला ठिवलाय म्हणजे माल खराब न्हाई. आमच्यात पण ठिवतात. स्लिप नसली की खोकं जमिनीवर आखलेल्या लाल पट्टीच्या आत. स्लिप लावली की सुटतं. काढ तुझा लॅपटॉप."

मग तिनं सांगितलं आणि मी इनव्हॉइस, म्हणजे कामाचं बिल, टाइप केलं. माल कोणाचा, कोणाला चालला, ऑर्डर कधीची, काय वस्तू, किती नग, एका नगाचा भाव, एकूण.

"आता वजन."

"आई, चित्राला वजन नसतं."

"मग वजनाच्या खान्यात रेघ मार. खाना मोकळा सोडायचा न्हाई. मोकळा खाना दिसला की साहेब तिथंच बोट ठिवतो."

मी रेघ मारली. खाली सही केली. त्या माणसाला पाठवलं, त्यानंही सही करून परत पाठवलं आणि सोबत त्याची मूळ ऑर्डर दिली. पप्पांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्याच्या प्रिंट आणल्या, बेचाळीस चित्रांसकट. स्वतःहून गेले, हे नमूद केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आई पहिली पाळी संपवून थेट बँकेत आली. डोक्यावर कंपनीच्या टोपीचा वळ तसाच होता. कागद निळ्या पट्ट्यांच्या पिशवीत.

साहेबांनी इनव्हॉइस वाचला. "आधी मदत लिहिलंत, आता काम म्हणता. कुठलं खरं मानू?"

मी काही बोलायच्या आत आईच बोलली. "साहेब, आधीचं चुकलंय. तिचीच चूक हाय. पण ते फाडू नका, त्याच्यावर रेघ मारा न् बाजूला तिची सही घ्या. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर चुकलं कुठं ते दिसतं. आमच्यात असंच असतं."

"तुमच्यात म्हणजे? कुठं असता तुम्ही?"

"निघोज्याला. पॅकिंगला."

"एक्स्पोर्टचं काम?"

"मग! समदं एक्स्पोर्टच."

साहेब माझ्याकडे वळले. "यांना सगळं माहितीये. आणि इंजिनिअर तुम्ही?"

आई पदर तोंडाशी धरून हसली. मग साहेबांचं बोट कागदावर एका जागी थांबलं. "हे काय? वजन?"

"चित्राला वजन नसतं, साहेब," आई म्हणाली. "म्हणून रेघ मारलीय."

साहेब इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या काउंटरवरचे लोक बघायला लागले. पण त्यांनी एकेक चित्र उलटून पाहिलं. जुन्या फॉर्मवर आडवी रेघ मारली, माझी सही घेतली, नवा फॉर्म दिला. त्यावर मी लिहिलं: तांत्रिक चित्रं काढून दिल्याचा मोबदला.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी मोबाइलवर मेसेज आला. मी तडक नाशिक फाट्यावर जाऊन उभी राहिले. आईची बस आली. पायरीवरून ती नेहमीसारखी एकेक पाय जपून टाकत उतरली. मी तिथंच सांगितलं.

"सगळे आले?"

"थोडे कापलेत. मधल्या बँकांनी."

"कापणारच की. एवढ्या लांबनं आले, वाटेत हमाली लागती." मग पिशवी माझ्याकडे देत म्हणाली, "चल. पाय दुखायलेत."

आता परदेशातले पैसे दोन दिवसांत येतात. कुठले कागद लागतात ते मला पाठ आहेत, आणि माझ्यासारखं काम करणारी पोरं-पोरी विचारायला येतात, त्यांनाही सांगते. रुळांजवळच्या त्या खोल्या सोडून आम्हाला बरीच वर्षं झाली. निळी पिशवी अजून आहे, तिचा एक बंद तुटलाय. माझ्या इनव्हॉइसवर वजनाचा रकाना अजून आहे आणि त्यात रेघही आहे. एकदोघांनी विचारलं, हे कशाला? मी म्हणते, आमच्यात असंच असतं.

पहिलं पेमेंट दिवाळीच्या अकरा दिवस आधी जमा झालं, काम म्हणून जमा झालं. त्या महिन्याच्या शेवटी आईनं नोकरी सोडली. त्यानंतर ती पॅकिंगच्या टेबलाशी एकही दिवस उभी राहिलेली नाही.