आबांच्या खाटेसमोरचे बांबू

कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! दोन वर्षं जपानात राहून लाकडी ठशांची चित्रं शिकलो, आणि तासगावात परतल्यावर आठव्या दिवशी सख्ख्या चुलत्याला जिवंतपणी पोचवायला निघालो. हो, मीच!

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. घरोघरी कला पोचली पाहिजे, हे माझं वेड. आबा, म्हणजे माझे चुलते, निवृत्त सुभेदार. मिरजेला पोटाचं ऑपरेशन करून आले होते, पण खाटेवरून पाय खाली टाकीनात. म्हटलं, औषधानं होत नाही ते माझं चित्र करील!

खाटेसमोरचं देवाचं कॅलेंडर काढलं आणि मी स्वतः कोरून छापलेलं चित्र लावलं. बर्फातले बांबू! जपानी चित्रांत बांबू म्हणजे वाकेल पण मोडणार नाही अशी जिद्द, दीर्घायुष्य! हे मी आबांना सांगितलं का? छे! चित्र स्वतःच बोलतं, हा माझा सिद्धांत!

"बांबू हाय व्हय?" आबांनी डोळे बारीक केले.

"हो आबा, खास तुमच्यासाठी."

"हिरवं?"

"हिरवेच हवेत! वाळक्याचं काम नाही."

"दोनच?"

"दोन पुरेत."

"आन् वरनं पांढरं…"

"ते सगळं झाकून टाकतं. किती शांत वाटतं बघा!"

आबा मुकाट्यानं कुशीवर वळले. मला वाटलं, भारावले!

तिसऱ्या दिवशी काकी डोळ्याला पदर लावून दारात. "काय लावून आलास रं त्यास्नी? औषिद घेईनात. थोरल्या पोराला पलटणीतनं बलवा, तार करा म्हणत्यात!"

धावत गेलो. "आबा, ते दीर्घायुष्याचे बांबू आहेत!"

आबांनी माझ्याकडं निवांत बघितलं. "तुझा बा गेला तवा तू तिकडं व्हतास. तिरडीला दोन हिरवं बांबू म्याच तोडून आणलं. तुला कसं ठावं असणार?"

जपानचं झाड न् झाड मला पाठ, आणि वडिलांची तिरडी कशाची होती ते ठाऊक नाही.

खाली मान घालून चित्र काढायला गेलो, तर आबा गरजले, "थांब! त्ये मी काढणार."

आणि उठले की! चित्र उतरवलं, काखेत मारलं, काठी टेकत माझ्या घरापर्यंत आले आणि माझ्याच खाटेसमोर टांगलं. "आता तू बघ रोज!"

आबा खडखडीत बरे झाले. चित्र अजून तिथंच आहे, काढायची माझी छाती नाही. येणारा प्रत्येक जण आधी बांबू बघतो, मग मला बघतो, आणि हळूच विचारतो,

"डाक्टर काय म्हणत्यात, गड्या?"