बायकोचा पीएफ

कतारमधल्या मदिनत अश शमाल गावात मी एसी दुरुस्तीचं काम करतो. घर सिन्नरजवळ. लग्नापासून घरात येणारा पैसा माझाच होता आणि मला ते आवडायचं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर बायको एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. तिचा पगार जेमतेम, म्हणून मीही हसून "जा" म्हटलं.

एका शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "अहो, माझा पीएफ जमा व्हायला लागला. माझ्या पगारातून कापतात, वर कंपनीपण घालते. पुढे पेन्शनही बसेल म्हणतात."

"बरं झालं," म्हणालो, पण फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. उन्हात गच्च्यांवर चढून एसी उघडायचे मी, आणि पेन्शन हिला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला विचारलं, आपल्याकडे असं काही आहे का. तो हिंदीत म्हणाला, नोकरी सोडशील तेव्हा ग्रॅच्युइटी मिळेल, तीही बेसिकवर. माझं बेसिक अगदीच किरकोळ होतं.

मग मी तिच्या नोकरीत खोट काढू लागलो. पोरीचा अभ्यास कोण घेतं, घरी यायला एवढा उशीर का होतो. शेवटी म्हटलं, "स्लॅब टाकायचाय. तो पीएफ निघेल तेवढा काढून घे."

"नाही काढणार," ती म्हणाली. "स्लॅब थांबेल वर्षभर."

आवाज न चढवता तिनं मला असं 'नाही' कधी म्हटलं नव्हतं. पुढचे काही दिवस मी फक्त मुलीशी बोललो.

सुट्टीत घरी गेलो. सकाळी कंपनीची बस आली. निळ्या युनिफॉर्ममधल्या बायकांत ती हसत चढली, आणि दारात उभा राहून मी त्या बायकांवरही जळलो.

संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या रजा टाकलीय. बँकेत चला, तुमच्या नावानं पेन्शनचं खातं काढू. दरमहा मी भरीन."

"तू कशाला?"

"तिकडं तुमचं कोण भरतंय?"

दुसऱ्या दिवशी खातं काढलं, मी सही केली. परतताना तिनं वाटेत गवार घेतली, भाव केला, रमतगमत चालत राहिली. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या म्हातारपणाची सोयही हिनंच करावी, एवढंच मनात सलत राहिलं.