गुरुवारचा फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं किती अवघड आहे, ते तिला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

आम्ही शारजात राहायचो. दुबईतल्या एका छोट्या संस्थेत माझी नोकरी. आफ्रिकेतल्या हुशार मुलांना शिष्यवृत्ती मिळवून परदेशी विद्यापीठांत पाठवायचं, हे आमचं काम. मुलाखतींसाठी मुलं दुबईला यायची. हॉटेल संस्थेला परवडायचं नाही, म्हणून आम्ही कर्मचारीच त्यांना घरी ठेवून घ्यायचो. थोको आमच्याकडे उतरली होती. मलावीची मुलगी, गणितात तल्लख. बायकोकडून ती थालीपीठ थापायला शिकली, माझ्या लेकीचा गृहपाठ करून घेऊ लागली. ती निघाली त्या दिवशी लेक आईला म्हणाली, "कॅन शी स्टे?" फार जीव लावला होता थोकोने.

कॅनडातल्या एका विद्यापीठाने तिला प्रतीक्षायादीत पहिलं ठेवलं. कुणी जागा सोडली, तर ते आम्हाला फोन करणार होते.

आता आमची गंमत अशी, की आमची सुट्टी शुक्रवारी आणि त्यांची शनिवार-रविवारी. गुरुवारी आमचं ऑफिस दुपारीच बंद व्हायचं, तेव्हा तिकडे धड उजाडलेलंही नसायचं. म्हणून दर गुरुवारी एकाने संध्याकाळभर फोनपाशी बसायचं, असा नियमच होता. त्या गुरुवारी पाळी माझी होती. "यल्ला, चला, फोन आता तुझ्या ताब्यात," असं म्हणून आमचे सहकारी, रत्नागिरीचे नाझिमभाई घरी गेले.

आणि मला नाटकाची तालीम होती. आमच्या मराठी मंडळाचं नाटक. भूमिका कोणती म्हणाल, तर नोकराची. चहा आणायचा आणि निघून जायचं. पण हौसेला मोल नसतं. आज कोण कशाला फोन करतंय, अशी स्वतःची समजूत घालून मी उठलो. दाराला कुलूप लावलं — आणि आत फोन वाजला.

ऐकू आला नाही, असं म्हणू का? ऐकला. किल्ली हातात धरून तो वाजत होता तोवर ऐकत राहिलो. थोको आठवली का? आठवली. तरी कुलूप काढलं नाही. फोन थांबला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

शनिवारी त्यांचं ऑफिस बंद. सोमवारी मी फोन केला, तेव्हा मला एकट्याला कळलं. जागा रिकामी झाली होती, होकार गुरुवारीच हवा होता. आमच्याकडे कुणी फोन उचलला नाही, म्हणून त्यांनी ती पुढच्या मुलाला दिली.

इथवर माझा आळस म्हणा, हौस म्हणा. पण पुढचं?

थोकोला मीच फोनवर कळवलं. जागा भरल्या, एवढं म्हणून थांबता आलं असतं. पण तिने कसं, का, असं विचारलं तर? म्हणून मी आधीच कारण देऊन टाकलं. मुलाखतीत तुझं बोलणं फार हळू पडलं, म्हणालो; ऑफिसातही हेच सांगितलं. ती हळू बोलायची हे खरं होतं — म्हणून तर ते खोटं इतकं सहज खपलं. ती म्हणाली, "सॉरी, अंकल. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी किती केलंत." आणि मी तिला म्हणालो, "असू दे, बेटा." म्हणजे मी तिला माफ केलं. लक्षात येतंय ना?

तिने पुन्हा अर्ज केला नाही. नाझिमभाईंनी खूप सांगून पाहिलं. ती नकोच म्हणाली.

काही वर्षांनी मलावीचाच एक मुलगा मुलाखतीला आला. इतका मोठ्याने बोलायचा, की नाझिमभाई हसून म्हणाले, बाबा रे, आम्ही बहिरे नाही. तो ओशाळला. म्हणाला, आमच्या गणिताच्या मॅडमनी सवय लावलीय. मॅडम थोको. हळू बोलले म्हणून माझी जागा गेली, तुमची जाऊ देऊ नका, असं त्या प्रत्येक वर्गाला सांगतात.

"बघ," नाझिमभाई मला म्हणाले, "स्वतःच्या चुकीचं पोरीने केवढं सोनं केलं."

मी मान डोलावली. तेव्हाही बोललो नाही. ती अजून शिकवत असेल, आणि नव्या वर्गाला तेच सांगत असेल.