आधी तिचं गाऱ्हाणं

पोरांना सुधारायला छडी लागते असं म्हणणाऱ्या माणसांची मला चीड आहे. म्हातारी झाले, तरी तो राग गेलेला नाही, आणि जाऊ द्यायची माझी इच्छाही नाही.

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी बेळगावलगतच्या वडगावच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवत होते. वर्गात निम्मी पोरं विणकरांची, घरी कन्नड बोलणारी. निम्मी शेतकऱ्यांची, घरी मराठी बोलणारी. सगळी एकाच तरटावर दाटीवाटीनं बसायची आणि दिवसाला चार भांडणं करायची. भांडण हेडमास्तरांपुढं गेलं की ते काही न विचारता दोघांनाही दोन-दोन छड्या मारत आणि म्हणत, "झाला न्याय." कसला डोंबलाचा न्याय! हात चोळत पोरं बाहेर जात आणि विहिरीपाशी तेच भांडण पहिल्यापासून सुरू करत.

म्हणून मी माझ्या वर्गापुरता एक नियम काढला. भांडण घेऊन आलात तर आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही. आधी समोरच्याचं सांगायचं, त्याच्या भाषेत, आणि तो आपणच आहोत असं समजून, 'मी, मी' म्हणत.

पहिल्यांदा हे करावं लागलं ते एका विणकराच्या मुलीला. तिच्या हातून एका शेतकऱ्याच्या मुलीची पाटी फुटली होती. ती उभी राहिली आणि मराठी जुळवत म्हणाली, "माझा पाटी फुटला. मला लई वाईट वाटला." वर्ग खदखदून हसला. जिची पाटी फुटली होती तीही हसली. मग तिची पाळी आली, तेव्हा तिनं कन्नडाची अशी काही वाट लावली की विणकरांच्या पोरांनी पोटं धरली. दुसऱ्याच्या भाषेत शब्द शोधताना माणसाला रागावता येत नाही, एवढंच त्यातलं इंगित होतं. त्या दोघी त्या दिवसापासून शेजारी बसू लागल्या. दिवाळीपर्यंत माझ्या वर्गातलं एकही भांडण हेडमास्तरांकडं गेलं नाही. त्यांना ते आवडलं नाही, हे मला कळत होतं.

मग शाळेच्या तपासणीला पुण्याकडचे दिपोटीसाहेब आले. त्यांना कन्नडाचा गंध नव्हता. नेमकी त्याच दिवशी ती शेतकऱ्याची पोर मुसमुसत होती. साहेब येण्याआधी ती मोठमोठ्यानं पाढे घोकत होती, आणि विणकराची पोर तिच्यावर खेकसली होती, "बाय मुच्च!" कन्नडात बाय म्हणजे तोंड. तोंड मीट, एवढाच त्याचा अर्थ. बेळगावात शेंबड्या पोरालाही तो ठाऊक असतो.

साहेबांनी विचारलं, "का रडतेस?"

तिच्याआधी विणकराची पोर उठली. नियमच होता तसा. मैत्रिणीचं गाऱ्हाणं ती मराठीत सांगू लागली, "मी पाढा म्हणत होतो. आणि ही," तिनं स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं, "ही म्हणाली, बाय मुच्च!"

साहेबांच्या कानांनी 'बाई' ऐकलं. भुवया चढवून ते हेडमास्तरांकडं वळले. "मुच्च म्हणजे काय?"

"मिटा, साहेब," हेडमास्तर म्हणाले.

"म्हणजे ही कार्टी बाईंना तोंड मिटा म्हणते?"

हेडमास्तरांचा जन्म बेळगावातल्याच शहापुरातला. त्यांना सगळं कळलं होतं. तरी ते म्हणाले, "होय साहेब. बाईंनी फार लाडावून ठेवलंय."

मी पुढं झाले. "साहेब, कन्नडात बाय म्हणजे..."

हेडमास्तर माझ्याकडं न बघता, हलक्या आवाजात, अगदी आदराचा 'री' जोडून म्हणाले, "बाय मुच्चरी."

आणि मी मिटलं. मी विधवा बाई, नोकरी गेली असती तर दिराच्या दारात जाऊन पडावं लागलं असतं. हे कारण मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे. विणकराच्या पोरीनं सहा छड्या खाल्ल्या. खाताना ती हेडमास्तरांकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती, मी आता बोलेन म्हणून. साहेब जायच्या आत तिचं नाव पटावरून कमी झालं.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. आत वडिलांचा माग चालू होता. ती उंबऱ्याशी बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. तळहातावरचे वळ अजून दिसत होते. मी म्हटलं, "मी हेडमास्तरांशी बोलते. तू ये शाळेला."

तिनं रहाट थांबवला. "बाई, आधी माझा गाऱ्हाणा तुम्ही सांगा. कन्नडात."

नियम माझाच होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिच्या जागी होऊन बोलले, "ना येनू तप्प माडिल्ल. नम्म बायार सुम्न इद्रु." मी काही चूक केली नाही. आमच्या बाई गप्प बसल्या.

तिनं मान डोलावली. मग तिची पाळी होती. माझ्याकडं बघत, मराठी शब्द एकेक जुळवत, ती माझ्या जागी होऊन म्हणाली, "मला माहीत होता. पण मला भीती वाटला."

या खेपेला कुणी हसलं नाही. तिनं रहाट पुन्हा फिरवायला घेतला. शाळेला ती कधीच आली नाही.

हेडमास्तरांचा मला राग आहे, साहेबांचा आहे. पण तिनं माझं गाऱ्हाणं इतकं बरोबर सांगितलं, की माझा स्वतःवरचा राग दुसऱ्या कुणावर ढकलायला तिनं मला जागाच ठेवली नाही.