बाबा, जरा डावीकडे व्हा!

आरामाच्या सुट्टीची कल्पना माझ्या बायकोची होती. त्यातला आराम काढून टाकण्याचं काम मी केलं.

आई गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि बाबा पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे, जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले होते. तीन आठवडे ते बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या ट्राम बघत होते. मधुरा म्हणाली, "त्यांना समुद्रावर नेऊ या. चार दिवस नुसतं बसायचं." मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की तिला संशय आला.

"कॅमेरा घेणारेस?"

"छे! एखादा असू दे बरोबर."

(कॅमेरा एकच होता. लेन्स चार, ट्रायपॉड दोन. डिकी भरल्यामुळे बाबांची बॅग बाबांच्या मांडीवर!)

उत्तर समुद्राकाठचं ते गाव म्हणजे एक लांबच लांब हिरवा बांध, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या, एक दीपगृह आणि भरपूर वारा. बसायला उत्तम. पण मी आधीच फोनमधल्या नकाशावर फोटोच्या जागा टिपून ठेवल्या होत्या, एकूण बावीस. पहिल्या दोन दिवसांत आम्ही त्यातल्या चौदा पाहिल्या. म्हणजे मी पाहिल्या. बाकीच्यांनी गाडीच्या काचेतून मला पाहिलं. एका पवनचक्कीपाशी ढग सरकायची वाट बघत मी पाऊण तास उभा होतो. आमची अकरा वर्षांची इरा मागच्या सीटवरून "पापा, इश हाबे हुंगर!" म्हणून ओरडत होती. तिला भूक लागल्याचं ती तीन भाषांत सांगू शकते. त्या दिवशी तिन्ही झाल्या.

बाबांना एक बाक आवडलं होतं. बांधावर, समुद्राकडे तोंड केलेलं.

"इथं बसू या रे जरा."

"बाबा, इथून उजेड पाठीमागून येतो."

"मला पाठीवर ऊनच हवंय."

"पुढे याहून भारी जागा आहे. चला!"

बाबा चालले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. वरिष्ठांच्या लहरीप्रमाणे चालत राहण्याची त्यांना सवय आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जागा सापडली, नेमकी बाबांच्या बाकासमोर. ओहोटी होती. समुद्र पार क्षितिजापर्यंत मागे गेला होता आणि उरला होता चकचकीत ओला चिखल. माझ्या मनात आलं, या चिखलात दोनेकशे मीटर आत जाऊन मागे वळलं, तर अख्खं दीपगृह चिखलातल्या पाण्यात उलटं दिसेल! बांधावर भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक होता. मी बेजबाबदार नाही. मी त्या फलकाचाही फोटो काढला. वाचला मात्र नाही.

"पाच मिनिटांत आलो," असं मधुराला सांगून मी अनवाणी आत शिरलो. बाबा एकदाचे त्यांच्या बाकावर बसले.

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. मी समुद्राकडे पाठ करून, एक डोळा कॅमेऱ्याला लावून उभा. दीपगृह सरळ, ढग जागेवर, प्रतिबिंब स्थिर. आणि तेवढ्यात फ्रेमच्या बरोबर मधोमध एक माणूस आला! पांढरे कॅनव्हासचे बूट, कानटोपी, हात वर. बाबा!

"अरे, पाणी!" वाऱ्यातून एवढाच शब्द आला.

"पाण्याची बाटली मधुराकडे आहे!" मी ओरडलो.

"पाणी! पाणी!"

"मधुराकडे, बाबा! आणि जरा डावीकडे व्हा!"

बाबा डावीकडे होईनात. उलट दोन्ही हात हलवायला लागले. मला वाटलं, वय झालं की माणूस हट्टी होतो. "डावीकडे, बाबा, डावीकडे!" असं मी तीनदा ओरडलो, आणि तरी हलत नाहीत म्हटल्यावर चिडून तसाच फोटो काढला.

मग माझ्या घोट्यांना गार लागलं.

मागे वळलो. क्षितिजावर गेलेला समुद्र परत आला होता. लाटाबिटा काही नाही, गुपचूप, दूध उतू जाण्याआधी वर चढतं तसा. बाबांना जर्मन येत नाही, पण आकडे येतात. बाकावर बसून त्यांनी तो फलक वाचला होता, घड्याळ पाहिलं होतं आणि ते मला हाक मारायला निघाले होते. डावीकडे ते होणार कसे? त्यांचा डावा पाय पोटरीपर्यंत चिखलात रुतला होता!

मी धावलो. (आधी ट्रायपॉड मिटला. हे मधुराला माहीत नाही.) पोचल्यावर बाबांना ओढायला लागलो, तर ते आणखी खाली. एव्हाना मधुरा बांधावरून किंचाळत होती आणि पर्यटकांना चिखलात फिरवून परत आणणारी एक धिप्पाड बाई आमच्याकडे येत होती. तिनं मला हातानं बाजूला केलं, बाबांना गुडघ्यावर टेकायला लावलं, पाय हळूहळू हलवत सोडवला. बूट समुद्राला दिला. मग ती माझ्याकडे वळली. जर्मनीत अनोळखी माणसाशी अहो-जाहो बोलतात. बाई पहिल्याच वाक्यात अरे-तुरेवर आल्या आणि किनाऱ्यापर्यंत तिथंच राहिल्या.

"सॉरी, बाबा," खोलीवर आल्यावर मी म्हणालो. ते गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. "मला नीट ऐकूच आलं नाही."

"आलं की. अर्धं आलं." ते शांतपणे म्हणाले. "तुझ्या आईचे फोनही तू असेच घ्यायचास. अर्धे."

मी टॉवेल आणून दिला. चौथा दिवस बाबांनी खोलीतच काढला. पुढच्या महिन्यात ते पुण्याला परत गेले.

आता तुम्हाला वाटेल, मी कॅमेरा कपाटात ठेवला. मी तो फोटो ऑफिसच्या स्पर्धेला पाठवला! काय करणार, प्रतिबिंब अप्रतिम आलं होतं. पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या विभागप्रमुख बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, हा वृद्ध माणूस कसा हात उंचावून समुद्राचं स्वागत करतोय! हा आहे जगण्याचा आनंद!" टाळ्या झाल्या. मी मान तुकवून "डांके" म्हणालो.

बाबांना हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. इरानं त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेही चक्क मराठीत.

बाबांनी फोटो दाखवायला सांगितला, नीट पाहिला. मग म्हणाले, "एक पाय रुतला तर ऑफिसचं बक्षीस. पुढच्या वेळी गळ्यापर्यंत जातो, जागतिक मिळेल."

मधुरा हसता हसता रडायला लागली. माझी मान खाली गेली. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी मनात आलं, की त्यासाठी संध्याकाळची भरती गाठायला हवी. दुपारच्या उजेडात चेहरा फार पांढुरका येतो!