टायमिंग बेल्ट तुटला त्या सकाळचं गाऱ्हाणं

देवावर माझा विश्वास होता, पण तो भित्र्या माणसाचा विश्वास होता. फोन वाजला तरी मी मनातल्या मनात लगेच काहीतरी कबूल करून टाकायचो. एवढं टळू दे, नारळ देतो. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून कामासाठी फिरत फिरत वाशीमकडच्या आमच्या कोरड्या गावातून इथे मालवणच्या किनाऱ्याला येऊन लागलो. तारकर्लीच्या बाजूला पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या एका काकांची गाडी मी चालवतो. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायचं, आणि सकाळी रापण ओढून झाली की ओहोटीच्या ओल्या वाळूत गाडी उतरवून मासळी भरायची. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोराने ओढायचं लांबलचक जाळं. इथला रिवाज असा, की ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, मग तो कुठलाही असो.

माय बरेच दिवस खाटेवर होती. मी तिला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं, पण ते राहूनच जात होतं. त्या सकाळी उजाडता उजाडता धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, निघ. मायचा जीव तुह्यात अडकला हाये." काकांनी चावी हातात दिली. "गाडी घेऊन जा. कुडाळाक माझ्या भावाकडे ठेव आणि रेल्वे पकड," म्हणाले. मी निघालो. वाटभर एकच घोकत होतो, देवा, मी पोचेपर्यंत तिला ठेव. फक्त मी पोचेपर्यंत.

गाव मागे पडायच्या आतच इंजिन गप्प झालं. धडाड नाही, धूर नाही. गाडी आपल्या वेगाने थोडी पुढे गेली आणि थांबली. चावी फिरवली तर इंजिन हलकं हलकं फिरायला लागलं, जसं आतमध्ये काही उरलंच नाही. टायमिंग बेल्ट गेला हे मला कळलं. पण तो तर पावसाळ्याच्या तोंडावर नवीन घातला होता! चांगला टिकेल म्हणून सांगितलं होतं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि खरं सांगतो, देवाला शिवी दिली.

बाजूच्या सुरूच्या झाडांमागे रापण चालू होती. टोपली घेऊन जाणारी एक काकी काचेशी वाकली. "काय रे झिला, निजलंस की रडतंस?" मी तुटक तुटक सांगितलं. तिने तिथूनच आरोळी दिली. जाळं नुकतंच वर आलं होतं. माणसं मासळी तशीच टाकून आली. रस्ता अरुंद, गाडी मधोमध. त्यांनी रापणीचाच दोर पुढच्या हुकाला बांधला आणि "ओढा रे" म्हणत गाडी झाडांखाली घेतली. मीही दोर धरला होता. कुणीतरी मालवणातून रिक्षा बोलावली. तिला यायला वेळ लागणार होता.

तेवढ्यात बहिणीचा पुन्हा फोन आला, या वेळी व्हिडिओवर. मायचे डोळे अर्धे मिटलेले, श्वास ओढून ओढून चाललेला. काकीने बघितलं आणि रापणीच्या म्होरक्याला, एका म्हाताऱ्या आजोबांना, खूण केली. त्यांनी डोक्याची टोपी काढली, समुद्राकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. इकडे कुठलीही अडचण देवासमोर अशीच मोठ्याने मांडतात. एकाने मांडायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा! ह्या परगावच्या झिलाची गाडी आज तुझ्या दारात थांबली हा."

"व्हय म्हाराजा!"

"त्येची आवस लांब थंय खाटेवर आसा. तिका आता जास्त यातना नको. तिची वाट सुखाची कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी होकार दिला नाही. मी मागत होतो तिला ठेव, आणि ही माणसं म्हणत होती तिला सुखाने जाऊ दे. त्याला हो कसं म्हणायचं? एवढ्यात फोनमधून मायचा आवाज आला. "कोन व्हय रे हे? इतके मानसं?"

"माय, समुद्रावर हावो मी."

"हा आवाज समुद्राचा हाये?" ती थोडा वेळ ऐकत राहिली. "लय मोठा दिसते."

आजोबांनी पुन्हा म्हटलं, तिची वाट सुखाची कर. आणि सगळ्यांच्या मागोमाग, अगदी हळू, माय म्हणाली, "हो म्हाराजा."

मग मीही म्हटलं.

रिक्षा आली तेव्हा माय गेली होती. बहीण म्हणाली, चेहरा शांत होता. मी गावी पोचलो तेव्हा हातात राख आली, बाकी काही नाही. ते दुःख आहे, आणि ते राहणार.

तेरावं करून परत आलो तेव्हा गाडी मेस्त्रीकडे उघडी पडली होती. इंजिनातले व्हॉल्व्ह वाकले होते. त्याने झिजून तुटलेला पट्टा माझ्यासमोर धरला. "पट्ट्याचो दोष नाय. पट्टो नवो घातलो, पण त्येका ताणून धरणारी ही चकरी जुनीच ठेवली. तिचो बेअरिंग जाम. त्यात खालचा कवर फुटलेला, ता तसाच सोडला. सगळी वाळू आत. दात खाऊन टाकल्यान." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि तू रे? गाडी काय होडी वाटली तुका, रोज पाण्यात घालतंस ती?"

बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं. मग विचारलं, "हे सगळं कळलं. पण त्याच सकाळी का?"

तो हात पुसत राहिला. "ह्या नटाचो पानो माझ्याकडे नाय बाबा."

मीही तो शोधत नाही. गाडी चालली असती तर मी रेल्वेत असतो, बोगद्यांमध्ये, जिथे फोन लागत नाही. पोचलो तर नसतोच. हे मी कुणाला पटवून देत नाही, स्वतःलाही नाही. रात्री मायची आठवण आली की मात्र आधी समुद्र ऐकू येतो, मग ती.

संध्याकाळी काकी सुके बांगडे घेऊन दारात आली. माझा वाटा. मी म्हटलं, "काकी, मी रापण कुठे ओढली? माझीच गाडी ओढली."

"दोर रापणीचो होतो मा? आणि तू हात लावलंस मा? मग गप घे."

आता गाडीला चकरी नवी आहे, कव्हर नवं आहे, आणि मी ती वाळूत उतरवत नाही. रस्त्यावर ठेवतो, चालत खाली जातो आणि दोर धरतो. कुणाच्या घरी काही असलं की आजोबा टोपी काढतात. पूर्वी मी आधी कान देऊन ऐकलं असतं की नक्की काय मागतायत. आता लाटांमध्ये शब्द नीट ऐकू आले नाहीत तरी सगळ्यांबरोबर मीही म्हणतो, व्हय म्हाराजा.