नेमकी नयनाच्याच वेळी जाणारी वीज

लखनऊच्या महानगर मोहल्ल्यात राहणाऱ्या नयना सबनीसने लाउडस्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला, तेव्हा कुठे तिच्या गिटारला हवा तसा खरखरीत, छातीत घुमणारा आवाज मिळाला. वडील गोपीनाथ औषधांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ, आई सरला मूळची साताऱ्याची. अठ्ठ्याहत्तर सालच्या लखनऊत गिटारवाली मुलगी म्हणजे फिल्मी गाणी गाणारी, असाच लोकांचा समज. नयना घसा फोडून स्वतःची हिंदी गाणी गायची. ड्रमवर सतीश, बेस गिटारवर चंद्रशेखर.

असल्या गोंगाटाला हॉल कोण देणार? अलीगंजपलीकडचं बटाट्यांचं कोल्ड स्टोरेज हिवाळ्यात रिकामं असायचं. चौकीदार ओळखीचा होता. कानोकानी खबर जायची आणि संध्याकाळी पोरं स्कूटर, सायकली घेऊन जमायची.

पण दोन गाणी झाली की वीज जायची. पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. मग जागा बदलली, एका बंद छापखान्यात. तिथेही अंधार, आणि रस्त्यापलीकडे मात्र दिवे लख्ख. नयनाच्या मनात पाल चुकचुकली. सतीशचे मामा वीजखात्याच्या बिजलीघरात नोकरीला होते, आणि गाण्याच्या मध्येच एकट्याने लांबलचक ड्रम वाजवत बसायला ती अडवते म्हणून सतीश तिच्यावर धुसफुसत असायचा. पुढच्या वेळी तिने त्याला जागा ऐनवेळी सांगितली. तरीही वीज गेलीच.

"मामांना कधी कळवलंस?" तिने अंधारातच विचारलं.

"पागल हो गई है क्या, यार?" सतीश म्हणाला. त्याने आपलं सामान बांधलं आणि निघून गेला. पाठोपाठ चंद्रशेखरही गेला.

उन्हाळ्यात नयना गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली शेजारचे श्रीवास्तवजी कुंपणाशी आईशी बोलत उभे होते. तेही बिजलीघरातलेच.

"भाभीजी, बहुत दिन से लाइन नहीं कटवाई. बिटिया का गाना बंद हो गया क्या?"

नयना तडक खाली आली. "आई, तू?"

सरलाने नजर चुकवली नाही. "जागा तूच सांगून जायचीस. तिथे पोरं गांजा ओढतात असं कानावर आलं होतं. बाबांना कळलं असतं तर त्यांनी गिटारच मोडली असती."

"मला विचारायचं ना."

"खरं सांगितलं असतंस?"

नयनाने चपला अडकवल्या.

ती सतीशकडे गेली. त्याने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. "तेरी बात सुनके मैंने भी मामा पे शक किया," तो म्हणाला. "अब वो मुझसे बोलते नहीं." तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात लागला होता. परत काही आला नाही.

पुढची काही वर्षं नयना दिवसा एका शाळेत संगीत शिकवायची आणि कानपूर, इलाहाबादच्या हॉस्टेलांत गायची. तिच्या घरगुती कॅसेट हातोहात फिरायच्या. पण तिच्याकडे एकही ड्रमवाला टिकला नाही. कुणी कुजबुजलं की ती वाजवणं थांबवून त्याच्याकडे बघत राहायची.

शहाऐंशीत लखनऊतल्याच कपूरथला बाजारामागच्या एका गोदामात तिचा कार्यक्रम होता. सरला न सांगता आली, कानात कापूस घालून पुढच्याच खुर्चीत बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही.

"कसं वाटलं?" नयनाने विचारलं.

"आवाज फार मोठा गं. शेवटचं बरं होतं."

गाणं चालू असताना आईची नजर सारखी दाराशी सिगरेट ओढणाऱ्या पोरांकडे वळत होती, हे नयनाने स्टेजवरून पाहिलं होतं. आई ऐकायला आली होती की पाळतीवर, हे तिला कधीच ठरवता आलं नाही.